मदत हवी आहे : वैयक्तिक शिकवणीत तीन विषयांतील प्रगती कशी नोंदवावी?

नववीतील एका विद्यार्थिनीला मी आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी एक तास, गणित, विज्ञान आणि भाषा हे विषय एकटीला शिकवते. भाषेत तिची प्रगती स्पष्ट दिसते. पूर्वी निबंधात नुसती वाक्ये जोडणारी ही मुलगी आता मुद्दा मांडून तो उदाहरणाने पटवून देते. गणितात मात्र माझ्यासमोर अचूक सोडवलेले उदाहरण आठ दिवसांनी पुन्हा दिले, की कंसाबाहेरील वजा चिन्हामुळे आतील दुसऱ्या पदाचे चिन्ह बदलायचे हमखास राहते. विज्ञानात रासायनिक समीकरण संतुलित करताना ती सहगुणकाऐवजी (सूत्राच्या आधी लिहायच्या अंकाऐवजी) सूत्रातील अंकच बदलते, म्हणजे पाण्याचे पाणी राहत नाही.

चुकांची वेगळी वही ठेवली, दर पंधरवड्याला छोटी चाचणी घेतली, मिश्र उदाहरणेही दिली. परंतु चाचणीचे गुण त्या दिवशीच्या प्रश्नांवरच अवलंबून राहतात आणि निबंधाच्या गुणांशी त्यांची तुलना करणे मला योग्य वाटत नाही. तास वाढवणे शक्य नाही. अभ्यासाला ती टाळाटाळ करत नाही.

अशा स्थितीत समजलेले आणि टिकलेले यांतील फरक तिन्ही विषयांत दिसेल अशी नोंद कोणत्या निकषांवर ठेवावी, आणि त्या नोंदीवरून पुढील आठवड्याचे दोन तास विषयांत कसे वाटावेत?