४८ व्होल्टचा कूलर युरोपच्या नियमातून सुटतो का?

हिंगण्याचा कूलरवाला
हिंगणा एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे. सोलरवर चालणारे कूलर बनवतो. पंखा, पंप सगळं ४८ व्होल्ट डीसी. आता माल युरोपात पाठवायचा विचार आहे. तिथला लो व्होल्टेज निर्देश (२०१४/३५/ईयू), म्हणजे विजेच्या मालाच्या सुरक्षेचा नियम, एसीत ५० ते १०००, डीसीत ७५ ते १५०० व्होल्टच्या मालाला लागतो. आमची १३ सेलची लिथियम बॅटरी फुल्ल चार्ज झाली तरी ५४.६. मग सल्लागार टेस्टिंगचा खर्च काहून सांगून राहिला?

जुना वायरमन
बॅटरीचं झालं, पॅनलचं काय? ७२ सेलच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीच न जोडता मिळणारं, ४५ च्या आसपास असतं. दोन सिरीजमध्ये टाकले की ९०. त्यात डिसेंबरच्या सकाळी आपल्याकडे पारा दहाच्या खाली गेला की ते अजून चढतं. प्लेटवर इनपुट किती छापणार भाऊ?

हिंगण्याचा कूलरवाला
पॅनल पॅरललमध्येच आहेत, पुढे बूस्ट करतो, म्हणजे बॅटरीपुरतं व्होल्टेज वाढवतो. आणि मोजतात ते इनपुट-आउटपुटचं व्होल्टेज, आतलं नाही. मायक्रोवेव्हच्या आत हजारो व्होल्ट असतात, तरी निर्देशाच्या हिशेबी तो २३० चाच.

बर्डीवाली
हेच तर खटकतं. डास मारायच्या बॅटमध्ये बॅटरी ४ व्होल्टची आणि जाळीवर हजाराच्या वर. बॅटरीचा आकडा बघून ती लेकराच्या हातात द्याल का? तुमचा कूलर तर लोक ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून भरतात. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स किती उतरतो ते नागपूरकराला सांगायला नको, दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या वाचतोच.

सरळ वाचणारा
त्या बातम्या २३० व्होल्टच्या, ताई. एक्स्ट्रा लो व्होल्टेजची, म्हणजे कमी धोक्याच्या व्होल्टेजची हद्द आयईसी (विजेची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) रिपल, म्हणजे चढउतार, नसलेल्या डीसीला १२० पर्यंत धरते, ७५ तर त्याहून कडक. जिथं तिथं ‘पण ओलं असलं तर’ म्हणायचं असेल, तर नियमात आकडा लिहायचाच कशाला? कूलरवाल्याचं बरोबर आहे.

जुना वायरमन
ते १२० कोरड्यात. ओल्यात तीच आयईसी हद्द खाली आणते.
आणि दोघंही एकच कागद वाचून भांडून राहिले, राजेहो. मोटरवर फिरणारा पंखा म्हणजे युरोपच्या लेखी मशीन. मशिनरी निर्देश २००६/४२/ईसी घरगुती उपकरणांना सोडतो, पण कोणत्या? जी लो व्होल्टेज निर्देशात येतात. तुम्ही ७५ च्या खाली राहून तिथून निसटलात, म्हणजे थेट मशिनरीत पडलात. त्यातला परिशिष्ट १ मधला १.५.१ वाचा: लो व्होल्टेजचीच सुरक्षेची उद्दिष्टं मशीनलाही लागू. तिथं ५० व्होल्टची हद्द नाही, ७५ ची नाही.

सरळ वाचणारा
म्हणजे पुढच्या दारानं सोडलं अन् मागच्या दारानं धरलं. याला नियम म्हणायचं?

हिंगण्याचा कूलरवाला
सल्लागारानं हे १.५.१ सांगितलंच नव्हतं, नुसता खर्चाचा आकडा दिला. उद्या त्याच्यासमोर हाच कागद ठेवतो. पण बॉडी पत्र्याची आहे, ती बदलावी लागेल काय?