सगळं डुकाटीच करते, तर लाल गाडीवरचा दुसरा रायडर पाचवा का आला?

अशोकचौक९३
काल आपल्या मोटोजीपीवाल्या (मोटरसायकल रेसच्या) ग्रुपवर एकानं टाकलं : "९३ नंबरच्या मार्क मार्केझला उगाच डोक्यावर घेऊ नका. २०२५ ला डुकाटीवर कुणालाही बसवलं असतं तरी चॅम्पियन झाला असता. गाडी पळते, माणूस नुसता धरून बसतो." खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

कुणालाही बसवलं असतं? बसवलं होतं की! त्याच लाल टीममध्ये शेजारी पेको बान्याया होता. दोन वेळचा चॅम्पियन, २०२४ ला ११ रेस जिंकलेला. २०२५ ला तो पाचवा आला. मार्कनं त्याच वर्षी ११ रेस आणि १४ स्प्रिंट, म्हणजे शनिवारच्या छोट्या रेस, मारल्या. आरागॉनपासून हंगेरीपर्यंत सलग सात वेळा शनिवार पण त्याचा, रविवार पण त्याचा. जपानच्या मोतेगीला विजेतेपद पक्कं झालं तेव्हा पाच रेस बाकी होत्या.

आणि २०१९ ची होंडा आठवा. मार्क ४२० गुण, त्याच टीममधला लोरेन्झो २८. पुढच्या वर्षी हेरेसला मार्कचा उजवा दंड मोडला, आणि होंडाला अख्ख्या सीझनमध्ये एक रेस जिंकता आली नाही. गाडी तर तीच होती ना?

माझे अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात आयुष्यभर जकार्डवर चादरी विणायचे. एका शेडमध्ये बारा माग, एकसारखे. सूत एक, डिझाइन एक. संध्याकाळी मोजायला बसलं की प्रत्येकाचा आकडा वेगळा. माग आपोआप विणतो म्हणणाऱ्यानं एक दिवस त्या आवाजात उभं राहून बघावं.

विजापूररोड६३
ती पोस्ट माझीच आहे. नाव घेऊन बोल की, एवढं आडून कशाला?

लोरेन्झोचे २८ सांगितलेस, पण असेनला त्याचा मणका मोडला होता आणि तो चार रेस घरी होता, ते का गाळलंस? २०२३ चं पण सांग. होंडा तीच, मार्क तोच, जिंकलेल्या रेस शून्य. मग करार एक वर्ष आधी मोडून, पैशावर पाणी सोडून तो ग्रेसिनीच्या डुकाटी टीममध्ये का आला? त्याला डुकाटी पाहिजे होती म्हणून. २०२४ ला २० पैकी १९ रेस डुकाटीनं जिंकल्या, ऑस्टिनची एकटी विन्यालेसनं अप्रिलियावर नेली. २०२५ ला दुसरा कोण? मार्कचा भाऊ ॲलेक्स, तोही आदल्या वर्षीच्या डुकाटीवर.

पेकोला वर्षभर पुढच्या चाकाचा अंदाजच येत नव्हता. मोतेगीला गाडी जुळली, स्प्रिंट पण जिंकला, रेस पण जिंकला. पुढच्याच आठवड्यात इंडोनेशियातल्या मंडालिकाच्या स्प्रिंटमध्ये शेवटचा. सात दिवसांत माणूस गाडी चालवायला विसरतो का बे?

पिवळा४६
तुमचं चालू द्या. पण ज्यानं २०१५ ला दुसऱ्याच्या चॅम्पियनशिपमध्ये पाय घातला त्या मार्कला मोठा म्हणायला मी तयार नाही. सेपांगला रॉसी आणि मार्क भिडले, मार्क पडला, सगळ्या जगानं बघितलं. त्याची शिक्षा म्हणून पुढच्या व्हॅलेंसियाच्या रेसला माझ्या व्हॅलेला, म्हणजे रॉसीला, सगळ्यात मागून सोडलं, तरी चौथा आला. विजेतेपद पाच गुणांनी लोरेन्झोकडं गेलं. पाच! त्या रात्री मी जेवलो नाही.

अशोकचौक९३
दरवर्षी सीझन तोंडावर आला की तुझं हेच. त्याच वर्षी सेपांगच्या आधी फिलिप आयलंडला शेवटच्या लॅपला लोरेन्झोला मागं टाकून रेस कुणी जिंकली? मार्कनं. म्हणजे लोरेन्झोचे पाच गुण कुणी कमी केले? आणि याच रेसवरून रॉसीनं आरोप केला की मार्क लोरेन्झोला मदत करतोय!

पिवळा४६
आणि व्हॅलेंसियाला अख्खी रेस लोरेन्झोच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला, एकदा तरी धड हल्ला केला का? तू तेव्हा चड्डीत फिरत होतास. मी २००४ पासून बघतोय, व्हॅले होंडा सोडून यामाहावर आला आणि वेल्कमची पहिलीच रेस जिंकला तेव्हापासून. मला शिकवू नकोस.

जुळेसोलापूर_ताई
अरे बास करा दोघं. दहा वर्षं होऊन गेली त्याला. २०२६ चा सीझन थायलंडच्या बुरिरामला चालू होतोय, सेपांगला नाही.

मी २०२३ ला बुद्ध सर्किटला गेले होते. भावाला घेऊन सोलापूरहून दिल्ली, जनरल डब्यातून. सप्टेंबरचं ऊन, आपल्या मेसारखं. रेसच्या लॅप कमी करून २१ केल्या होत्या. मार्टिनच्या सूटची चेन रेस चालू असताना उघडली. तो चालत्या गाडीवर एका हातानं ती लावत होता, आणि रेस संपल्यावर गाडीवरून उतरून तिथंच कोसळला. आमच्या शेजारचे सगळे गप्प झाले होते. पेको त्याच रेसमध्ये पडला. जिंकला बेझेक्की.

म्हणून सांगते, लाल रंगाच्या पलीकडं बघा. २०२५ च्या शेवटच्या दोन रेस, पोर्तिमाव आणि व्हॅलेंसिया, बेझेक्कीनं अप्रिलियावर जिंकल्यात. मार्कचा उजवा खांदा मंडालिकाला मोडला, ऑपरेशन झालंय. आणि तोप्राक मोटोजीपीत येतोय! बीएमडब्ल्यूला सुपरबाइक या दुसऱ्या चॅम्पियनशिपमध्ये कधी रायडरचं विजेतेपद मिळालं नव्हतं, यानं २०२४ आणि २०२५ दोन्ही मिळवून दिली. २०२६ ला प्रामॅक टीमच्या यामाहावर आहे.

अशोकचौक९३
ताई, बेझेक्कीच धडकला होता मार्कला मंडालिकाला. ते पण लिहा. तोप्राकचं मात्र माझ्याच बाजूचं झालं : माणूस बदलला, गाडी जिंकायला लागली.

विजापूररोड६३
तोप्राक यामाहावर पहिल्या पाचात आला तर बोल. यामाहाचं व्ही-फोर इंजिन अजून नवीन आहे, तिथं माणूस काय करतो ते बघूच.

होटगीरोड_गॅरेज
पोरांनो, मी कमी लिहितो, पण मागाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझा बाप मिलमध्ये जॉबर होता. विणणारा विणतो हे खरं. पण माग लावून देतो कोण? धोटा अडकला, पट्टा सैल झाला, कार्ड पुढं सरकेना, की हाक जॉबरला. डुकाटीचा जॉबर म्हणजे त्यांचा मुख्य इंजिनियर दाल्ल'इन्या. तो २०१३ च्या शेवटी अप्रिलिया सोडून आला. त्याच्या आधी रॉसीसारखा माणूस दोन वर्षं त्या गाडीवर बसला, एक रेस जिंकला नाही. पिवळ्या, राग मानू नकोस. पण जॉबरचं नाव कुणी घेत नाही.

अशोकचौक९३
मामा, तुमचा मान राखून सांगतो. त्याच जॉबर नसलेल्या डुकाटीवर २००७ ला स्टोनरनं १८ पैकी १० रेस जिंकल्या होत्या.

आणि जॉबरचं म्हणाल तर आमच्या घरी तो शब्द निघाला की अण्णा उठून बाहेर जातात. मी सहावीत असताना त्यांच्या मागाची ओढ सैल झाली होती. तीन दिवस सांगत होते. जॉबर मालकाच्या दुसऱ्या शेडमध्ये. शेवटी मोराच्या चादरीत, बरोबर मानेवर, बोटभर रुंदीची विरळ पट्टी पडली. बल्बसमोर धरली की पलीकडचं दिसायचं. अशा चार निघाल्या. मालकानं चारही अण्णांच्या मजुरीतून कापल्या आणि वर म्हणाला, "शेजारच्या मागावर काही होत नाही, तुझ्याच हाताला काय झालं?" त्यातली एक अजून आमच्या कपाटात आहे. जॉबरचा पगार पूर्ण झाला. विणणाऱ्याचं नाव कोण घेतं ते मला माहीत आहे, मामा.

होटगीरोड_गॅरेज
माझा बाप असा नव्हता. रात्री अकराला सायकलवर परत जायचा माग लावायला. सगळ्या जॉबरांना एका तागडीत टाकू नकोस.

अशोकचौक९३
तुमच्या वडिलांबद्दल नाही बोललो. तसं वाटलं असेल तर माफ करा.

विजापूररोड६३
भावा, भांडायला नाही लिहीत आता. पण तुझंच परत वाच. सैल माग, तीन दिवस सांगतोय, कुणी ऐकत नाही, आणि मालक म्हणतो शेजारच्या मागावर काही होत नाही, तुझ्याच हाताला काय झालं. पेकोला २०२५ भर हेच ऐकावं लागलं. "शेजारचा जिंकतोय की, मग गाडीत दोष कसा?" तूही पहिल्याच पोस्टमध्ये तेच विचारलंस. अण्णांच्या बाजूनं उभा राहतोस, मग पेकोच्या का नाही?

होटगीरोड_गॅरेज
हे बरोबर पकडलंस. पेको ब्रेक सोडत सोडत वळणात शिरतो. पुढच्या टायरनं हाताला खबर दिली तरच तो गाडी झोपवतो. मार्कचं पुढचं चाक घसरलं तरी तो कोपर टेकवून गाडी उभी करतो. त्याला खबर नसली तरी चालतं. म्हणून एकच दोष एकाला मारतो आणि दुसऱ्याला जाणवत पण नाही.

अशोकचौक९३
दुपारभर यावर लिहू की नको करत होतो. पेकोबद्दल मी जे लिहिलं ते मालकाच्या तोंडचं झालं, हे मान्य. तेवढंच मान्य. पण मामांनी आत्ता जे सांगितलं तेच माझं म्हणणं आहे. खबर न देणारी गाडी घेऊन सलग सात वीकेंड कुणी जिंकले? "कुणालाही बसवा" हे तुझं वाक्य उभं राहत नाही.

विजापूररोड६३
"कुणालाही" जास्त झालं. रागात लिहिलं होतं. "चांगल्या कुणालाही" कर.

पिवळा४६
म्हणजे २०१५ चं कुणीच बोलणार नाही?

जुळेसोलापूर_ताई
नाही.

अशोकचौक९३
"चांगल्या कुणालाही" पण चालणार नाही, पेको चांगलाच होता. असं करू. १ मार्चला दुपारी बुरिरामची रेस, सगळे मामांच्या गॅरेजवर. पेको पहिल्या तिघांत आला तर मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहीन की दोष गाडीत होता. नाही आला आणि मार्क तो खांदा घेऊन जिंकला, तर तू ती पोस्ट काढायची.

विजापूररोड६३
एका रेसवर नाही. सीझन युरोपात येईपर्यंत थांब, मग काढतो. गॅरेजवर मात्र येतो.

होटगीरोड_गॅरेज
या. आणि अण्णांना घेऊन ये, मला त्यांच्याशी बोलायचंय.