नीकॅप : भाषेबद्दल कुणी बोलतच नाही

काही जण म्हणतात की नीकॅप या आयरिश भाषेत रॅप करणाऱ्या बेलफास्टच्या गटाच्या 'फाइन आर्ट' (२०२४) या अल्बमचं कौतुक झालं ते त्यांच्या राजकारणामुळे, संगीतात फार काही नाही. मला हे अजिबात पटत नाही.

पहिलंच गाणं ऐका, '३सीएजी'. या नावाचा आयरिशमधला अर्थ 'तीन व्यंजनं आणि एक स्वर', म्हणजेच एमडीएमए हे नशेचं द्रव्य! नशेचा विषय आवडो न आवडो, पण जी भाषा लोक शाळेत घोकून विसरतात, तिच्यात ही पोरं रस्त्यावरचे नवे शब्द पाडताहेत. त्याच गाण्यात लँकम या आयरिश लोकसंगीताच्या बँडमधल्या गायिका रेडी पीटचा तो जुन्या लोकगीतासारखा चिरका, दाटलेला आवाज येतो आणि अंगावर काटा येतो. अख्खा अल्बम एका काल्पनिक पबमधल्या एका रात्रीत घडतो. मधले संवाद मलाही लांबलेत असं वाटलं, ते मान्य.

पण राजकारण वेगळं काढायचं कसं? २०१७चं त्यांचं पहिलं गाणं 'सी.ई.ए.आर.टी.ए.', म्हणजे 'हक्क'. आयरिश भाषा कायद्यासाठीच्या मोर्चाच्या आदल्या दिवशी गटातला मोगली बॅप आणि त्याचा मित्र यांनी बसस्टॉपवर हाच शब्द रंगवला; पोलिसांनी धरलेल्या मित्राने इंग्रजी बोलायला नकार दिला आणि रात्र कोठडीत काढली. त्यातून ते गाणं आलं. उत्तर आयर्लंडमध्ये आयरिशला अधिकृत दर्जा देणारा कायदा झाला तो थेट २०२२च्या डिसेंबरात. बेलफास्टमध्ये आयरिशमधून रॅप करणं हीच मुळात राजकीय कृती आहे. बरेच समीक्षक इंग्रजी ओळींवरच लिहून थांबले, याचं मला खरंच वाईट वाटतं.