मदत हवी आहे: जेवणानंतर पोट फुगतं आणि ठोके चुकतात, आधी काय तपासावं?

जेवणानंतर अर्ध्या-एक तासात पोट गच्च होतं, आंबट ढेकर येतात. त्याच सुमारास ठोका चुकल्यासारखं वाटतं आणि मग एक जोरात बसतो. आडवं झाल्यावर जास्त. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ रोज, वर्षाहून अधिक काळ, जेवणाआधी पोट पुढे सरकवणारी डॉमपेरिडोन. अधूनमधून जुलाब. हृदयाचे डॉक्टर म्हणतात पोटाचं आहे, पोटाचे म्हणतात हृदय बघा. पुढे काय करावं?

प्रतिसाद १
साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो. त्यात चुकणारा ठोका सापडला नाही तर नवल नाही. २४ किंवा ४८ तासांचं होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावा आणि सोबत वहीत वेळा लिहा: जेवण, ढेकर, गोळी, आडवं होणं, धडधड. वही नसेल तर होल्टरमधून पोटाचा संबंध कळत नाही. अहवालात दोन गोष्टी बघा: एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय पूर्ण विस्कटणं) आहे का, आणि एकूण ठोक्यांत पीव्हीसी (खालच्या कप्प्यातून वेळेआधी पडणारे ठोके) किती टक्के. थोडे बहुतेकांना असतात; १० टक्क्यांच्या पुढे मात्र हृदयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीत राहायला हवं.
तो जोराचा ठोका म्हणजे वेळेआधी पडलेल्या ठोक्यानंतरचा. मधल्या विरामात हृदयात जास्त रक्त भरतं, म्हणून तो दणकून जाणवतो.

प्रतिसाद २
मला खरी काळजी गोळ्यांची वाटते. पॅन्टोप्राझोलच्या गटातली औषधं दीर्घकाळ घेतली की काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०११ मध्ये तसा इशारा दिला होता. जुलाबात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही जातात. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर आणखी भर. त्यामुळे दोन्ही तपासा, शिवाय क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि हिमोग्लोबिन.
डॉमपेरिडोनने क्यूटी, म्हणजे ईसीजीवर दिसणारा ठोका पडून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा काळ, लांबू शकतो आणि लय बिघडू शकते. दिवसाला ३० मिग्रॅच्या वर किंवा साठीनंतर धोका जास्त. क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक) किंवा फ्लुकोनॅझोलसोबत (बुरशीवरचं औषध) ते घेऊच नये. ईसीजी ही गोळी सुरू होण्याआधीचा असेल तर आता पुन्हा काढा आणि क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) विचारा. ५०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.
पॅन्टोप्राझोल मात्र मनाने एकदम बंद करू नका, आम्ल उलट उसळतं. डोस उतरवणं किंवा फॅमोटिडिनवर (आम्ल कमी करणारं दुसऱ्या गटातलं औषध) जाणं डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मॅग्नेशियमच्या गोळ्याही क्रिएटिनिन बघितल्याशिवाय नकोत: मूत्रपिंड कमजोर असेल तर ते साठतं, आणि मॅग्नेशियम ऑक्साइड प्रकाराने जुलाब वाढतात.

प्रश्नकर्ता
अ‍ॅसिडिटीसाठी डाव्या कुशीवर झोपायला सांगतात, पण तिथेच धडधड जास्त. मग?

प्रतिसाद १
डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं, म्हणून जाणवतं जास्त. नुसतं जाणवणं म्हणजे बिघाड नव्हे. झोप लागत नसेल तर पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंमी उंच करून पाठीवर झोपा. उशांची चळत लावू नका, पोट दुमडून दाब वाढतो. शेवटचं जेवण झोपेआधी ३ तास, आणि एका वेळी कमी. भरलेलं, वायूने ताणलेलं जठर व्हेगस नस (मेंदूतून हृदय आणि पोटाकडे जाणारी नस) चाळवतं, त्यातूनही ठोके बिघडतात.

प्रतिसाद २
धडधडीसोबत चक्कर, शुद्ध हरपणं, धाप, किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ असेल तर अँटासिड घेऊन वाट बघत बसू नका, थेट आपत्कालीन विभागात जा. एरवी धडधड सुरू झाली की मनगटावर पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. मधेच एखादा ठोका गळतोय की सगळीच लय विस्कटली आहे, ते वहीत लिहा. लय सगळीच विस्कटलेली असेल तर ती चालू असतानाच ईसीजी काढून घ्या.