पालक कंपनीशी होणारे व्यवहार आणि ऊर्जा भागीदारीतील युनिटधारक : भाव रास्त आहे, हे ठरवतो कोण?

ताळेबंदवाचक यांचा प्रश्न

अमेरिकेतील शेअर बाजारात नोंदलेल्या एका तेल-वायुवाहिनी भागीदारीचा, म्हणजे तिथे जिला मास्टर लिमिटेड पार्टनरशिप किंवा एमएलपी म्हणतात तिचा, वार्षिक अहवाल (टेन-के) मी गेले काही दिवस वाचत आहे. नफा-तोट्याच्या पत्रकाची पहिलीच ओळ ‘संबंधित पक्षांकडून मिळालेला महसूल’ अशी आहे आणि तिच्या खालची ‘इतरांकडून मिळालेला महसूल’ ही ओळ तिच्यापुढे अगदीच किरकोळ दिसते. खर्चाच्या बाजूलाही तोच प्रकार आहे. भागीदारीचा स्वतःचा एकही कर्मचारी नाही; सगळी माणसे पालक कंपनीच्या पगारपत्रकावर आहेत आणि त्यांच्यावरचा खर्च ‘ऑम्निबस करारा’प्रमाणे भागीदारी भरून देते. शिवाय मागील वर्षी पालक कंपनीनेच आपल्या काही वाहिन्या आणि साठवणटाक्या या भागीदारीला विकल्या आहेत.

मला अडचण तीन ठिकाणी आली. पहिली अशी की, या खरेदीसाठी मोजलेली रक्कम आणि ताळेबंदात त्या मालमत्तेपुढे लिहिलेली रक्कम यांत मोठी तफावत आहे आणि मधली रक्कम कुठे गेली हे मला कळले नाही. दुसरी अशी की, विकणाऱ्याच्या हातात घेणाऱ्याची सूत्रे असताना भाव ठरवला कोणी? ‘हितसंघर्ष समितीने मंजुरी दिली आहे’ एवढे एकच वाक्य अहवालात आहे. आणि तिसरी, भाव चुकीचा असेल तर साध्या युनिटधारकाला, म्हणजे बाजारातून भागीदारीचे हिस्से (युनिट) घेतलेल्या गुंतवणूकदाराला, दाद कुठे मागता येते? हे गैरव्यवहार आहेत असे मला म्हणायचे नाही. तपासायचे कसे, एवढेच समजून घ्यायचे आहे.

जुना_हिशेबतपासनीस यांचे उत्तर

आपल्या पहिल्या अडचणीचे उत्तर लेखांकनाच्या नियमांत सापडते, म्हणून मी तेवढ्यापुरतेच लिहितो.

पालक कंपनी आणि भागीदारी या दोन्हींवर एकाच हाताचे नियंत्रण असल्यामुळे अशा विक्रीला, ज्याला या धंद्यात ‘ड्रॉपडाउन’ म्हणतात, लेखांकनाच्या दृष्टीने खरी खरेदी मानलेच जात नाही. घरातली वस्तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेली, असा तो प्रकार धरला जातो. त्यामुळे मालमत्ता भागीदारीच्या वहीत मोजलेल्या किमतीला न चढता, पालक कंपनीच्या वहीत ती ज्या पुस्तकी मूल्याला होती त्याच मूल्याला चढते. समजा ५० कोटी डॉलर मोजले आणि पुस्तकी मूल्य ३० कोटी होते, तर उरलेले २० कोटी ‘गुडविल’ म्हणून कुठेही दिसणार नाहीत. ते भागीदारांच्या भांडवलातून थेट वजा होतात आणि पालक कंपनीला केलेले वाटप म्हणून नोंदले जातात. आपण शोधत असलेली रक्कम भांडवलातील बदलांच्या पत्रकात याच ओळीवर असेल. रोख प्रवाहाच्या पत्रकातही हा जादा भाग अनेकदा गुंतवणुकीऐवजी वित्तपुरवठ्याच्या सदरात बसवलेला आढळतो.

मात्र या तफावतीवरून ‘२० कोटींनी फसवले’ असा निष्कर्ष काढू नये. तीस वर्षांपूर्वी टाकलेल्या वाहिनीचे पुस्तकी मूल्य घसाऱ्याने झिजलेले असते आणि तिची आजची मिळकत त्याच्या कितीतरी पट असू शकते. त्या २० कोटींत रास्त नफा किती आणि जादा उकळलेले किती, हे ताळेबंद सांगत नाही.

आणखी एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हस्तांतरित झालेला भाग हा स्वतंत्र व्यवसाय असेल, तर मागच्या वर्षांची पत्रकेही तो जणू आधीपासूनच भागीदारीकडे होता अशी गृहीत धरून नव्याने मांडली जातात. त्यामुळे गेल्या वर्षीच्या अहवालातील महसूल आणि या वर्षीच्या अहवालात दाखवलेला गेल्या वर्षीचा महसूल हे आकडे जुळत नाहीत. प्रति युनिट उत्पन्न काढताना हस्तांतरणापूर्वीची ती कमाई जनरल पार्टनरच्या, म्हणजे भागीदारीचा कारभार चालवणाऱ्या आणि पालक कंपनीच्या ताब्यातील भागीदाराच्या, खात्यावर टाकावी, असे लेखामानकांच्या २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. वाढीचा दर काढण्यापूर्वी एवढे पाहावे, नाहीतर वाढ नसताना वाढ दिसते.

उघड कराव्या लागणाऱ्या माहितीबद्दल थोडक्यात सांगतो. लेखामानक ८५० नुसार संबंध कोणता, व्यवहार कसला, रक्कम किती आणि येणे-देणे किती, हे टिपांमध्ये द्यावे लागते. बाजार नियामक एसईसीच्या नियमांप्रमाणे अशा रकमा पत्रकांच्या दर्शनी भागावर वेगळ्या दाखवाव्या लागतात. आपल्याला दिसलेली पहिली ओळ त्यामुळेच आहे. १ लाख २० हजार डॉलरहून मोठे संबंधित व्यवहार टेन-केच्या तेराव्या बाबीत सांगावे लागतात. त्याच लेखामानकात असेही म्हटले आहे की, हे व्यवहार परक्या पक्षाशी व्हावेत तशाच अटींवर झाले, असे विधान पुराव्याने सिद्ध करता येत असेल तरच करावे. म्हणून आपल्या अहवालात तसे वाक्य आहे की नाही, हे जरूर पाहा. नसेल तर त्यात लबाडी आहे असे नव्हे. पण असेल, तर लेखापरीक्षकाला त्याचा आधार तपासावा लागलेला आहे, एवढे निश्चित समजावे.

करारवाचन यांचे उत्तर

दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीचे मूळ भागीदारी करारात आहे, आणि तो करार बहुतेक गुंतवणूकदार कधी उघडतही नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

या भागीदाऱ्या बहुधा डेलावेअर राज्याच्या कायद्याखाली स्थापन होतात. कंपनीच्या संचालकांवर भागधारकांप्रती विश्वस्ताची कर्तव्ये असतात आणि ती सहजासहजी झटकता येत नाहीत. भागीदारीच्या बाबतीत मात्र तेथील कायद्याचे कलम १७-११०१ ही कर्तव्ये कराराने कमी करण्याची, आणि २००४ च्या दुरुस्तीपासून पूर्णपणे काढून टाकण्याचीही, मुभा देते. काढता येत नाही ती एकच गोष्ट : प्रत्येक करारात न लिहिताही गृहीत धरलेला सद्भावनेचा आणि सचोटीचा दंडक. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजही या भागीदाऱ्यांना बहुसंख्य संचालक स्वतंत्र असण्याच्या अटीतून सूट देते. लेखापरीक्षण समिती तेवढी स्वतंत्र लागते. संचालक मंडळ जनरल पार्टनरचे असते, त्याची नेमणूक पालक कंपनी करते आणि युनिटधारकांना त्यात सहसा मत नसते.

कर्तव्ये काढल्यावर जी पोकळी उरते ती करारातील चार वाटांनी भरली जाते. हितसंघर्षाचा व्यवहार हितसंघर्ष समितीने, म्हणजे अशा व्यवहारांची छाननी करणाऱ्या स्वतंत्र संचालकांच्या समितीने, मंजूर केला, किंवा असंलग्न युनिटधारकांच्या बहुमताने मंजूर झाला, किंवा परक्या पक्षाकडून मिळाल्या असत्या त्याहून वाईट नसलेल्या अटींवर झाला, किंवा एकंदर परिस्थिती पाहता रास्त ठरला, तर तो कराराचा भंग मानला जात नाही. यातली पहिली वाट सर्वांत सोपी असल्याने आपल्याला अहवालात ते एक वाक्य दिसते. म्हणजे ते वाक्य भावाविषयी काहीच सांगत नाही. कोणत्या वाटेने गेलो, एवढेच सांगते.

ही वाट कितपत भक्कम आहे, याचा सर्वांत बोलका दाखला एल पासो पाइपलाइन पार्टनर्सचा आहे. जॉर्जिया राज्यातील एल्बा बेटावरील द्रवरूप वायू आयातीच्या केंद्रातला हिस्सा पालक कंपनीने २०१० मध्ये दोन टप्प्यांत या भागीदारीला विकला. शेल वायूमुळे अमेरिकेला वायू आयात करण्याची गरजच संपत चालली होती, तो हा काळ. दुसऱ्या टप्प्यातील ४९ टक्क्यांच्या व्यवहाराबद्दल कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या डेलावेअरच्या चान्सरी न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये असा निष्कर्ष काढला की, समितीच्या सदस्यांना हा व्यवहार भागीदारीच्या हिताचा आहे असे मनापासून वाटतच नव्हते. त्यांच्या आपसांतल्या ई-मेलमध्ये शंका होत्या आणि मंजुरीच्या वेळी त्या बाजूला पडल्या. नुकसानभरपाई ठरली १७ कोटी १० लाख डॉलर. परंतु २०१४ मध्येच, दरम्यान पालक बनलेल्या किंडर मॉर्गनच्या समूहातील एकत्रीकरणात ही भागीदारी विलीन झाली होती आणि डिसेंबर २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हा दावा भागीदारीचा होता, युनिटधारकाचा नव्हे. विलीनीकरणाबरोबर दाद मागण्याचा त्याचा अधिकारही संपला. भरपाई गेली. कुंपणाने शेत खाल्ल्याचे सिद्ध होईपर्यंत शेतच कुंपणाच्या मालकाच्या नावावर झाले होते.

त्यानंतर २०१७ मध्ये याच न्यायालयाचे दोन निकाल युनिटधारकांना काहीसे अनुकूल आले. रीजन्सी या भागीदारीच्या प्रकरणात समितीतील एक सदस्य संलग्न भागीदारीच्या मंडळावरून उतरला आणि विलीनीकरण पूर्ण होताच पुन्हा तिथे जाऊन बसला, असा आरोप होता. समिती स्वतंत्र असल्याचे युनिटधारकांना खोटे भासवून तिच्या मंजुरीचा आडोसा घेता येणार नाही, असे न्यायालयाने गृहीत दंडकाच्या आधारे म्हटले. अर्थात पुढे २०२१ मध्ये सुनावणीअंती निकाल जनरल पार्टनरच्याच बाजूने लागला. दुसरे प्रकरण एन्ब्रिज एनर्जी पार्टनर्सचे. अल्बर्टा क्लिपर वाहिनीतला दोन तृतीयांश हिस्सा भागीदारीने २००९ मध्ये पालक कंपनीला ८० कोटी डॉलरना दिला आणि २०१५ मध्ये तोच १०० कोटींना परत घेतला. मधल्या काळात त्याची कमाई घटली होती, असे दाव्यात म्हटले होते. खालच्या न्यायालयाने दावा सुरुवातीलाच फेटाळला होता. तो निर्णय अंशतः रद्द झाला.

ताळेबंदवाचक

दोघांचेही आभार. भांडवलातील ती ओळ सापडली. आता एक उपप्रश्न. नियम इतके सैल असतील, तर पालक कंपनी प्रत्येक वेळी चढाच भाव का लावत नाही? आणि महसुलाच्या बाजूचे करार तपासण्याची पद्धत कोणती?

उलटतपासणी यांचे उत्तर

वरील उत्तरे अचूक आहेत, पण ती वाचून पालक कंपनी म्हणजे दरोडेखोर असा समज होऊ शकतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पालक कंपनीला आवरणारी मुख्य गोष्ट कायदा नाही, तर पुढचा व्यवहार आहे. तिच्याकडे विकायच्या वाहिन्या अजून शिल्लक असतात आणि त्यांच्यासाठी पैसा भागीदारी बाजारातून नवे युनिट विकूनच उभारणार असते. आज चढा भाव लावला, तर युनिटचा भाव पडतो आणि उद्याचा पैसा महाग होतो. शिवाय पालक कंपनीकडे ‘इन्सेंटिव्ह डिस्ट्रिब्युशन राइट्स’ असतात : प्रति युनिट वाटप ठरावीक टप्पे ओलांडत गेले की वाढीव रकमेतील जनरल पार्टनरचा वाटा २ टक्क्यांवरून १५, २५ आणि अखेर ५० टक्क्यांवर जातो. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत थोड्या स्वस्तात मालमत्ता देऊन वाटप वाढवणे तिच्याच फायद्याचे असते. तोच वाटा पुढे ओझे होतो, कारण प्रत्येक नव्या मालमत्तेच्या कमाईतला मोठा भाग वर निघून जातो. एंटरप्राइझ प्रॉडक्ट्स या भागीदारीने २०१० मध्ये ही व्यवस्था मोडीत काढली, त्यामागे भांडवल महाग पडण्याचा हाच हिशेब होता.

याचाच अर्थ असा की, ज्या दिवशी पुढचा व्यवहार उरत नाही त्या दिवशी हा आवरही सुटतो. बोर्डवॉक पाइपलाइन पार्टनर्सच्या करारात, कररचनेचा वाहतूक दरांवर विपरीत परिणाम होण्याचा संभव असल्याचे वकिलांचे मत मिळाल्यास, निम्म्याहून अधिक युनिट बाळगणाऱ्या पालक कंपनीला उरलेले युनिट मागील १८० दिवसांच्या सरासरी भावाने विकत घेण्याचा हक्क होता. मार्च २०१८ मध्ये ऊर्जा नियामक फर्कने भागीदाऱ्यांच्या दरआकारणीतील आयकराची तरतूद काढण्याचे धोरण जाहीर केले, युनिटचे भाव कोसळले आणि जुलैमध्ये लोज या पालक कंपनीने प्रति युनिट १२.०६ डॉलर, एकूण सुमारे १५० कोटी डॉलर देऊन सर्वांना बाहेर काढले. चान्सरी न्यायालयाने २०२१ मध्ये सुमारे ६९ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ती रद्द केली, कारण जनरल पार्टनर वकिलांच्या मतावर विसंबला होता आणि करार त्याला तेवढ्यावर संरक्षण देत होता. इथे हितसंघर्ष समितीचा प्रश्नही आला नाही. म्हणून मी कोणताही करार हातात घेतला की ‘कॉल राइट’चे, म्हणजे उरलेले युनिट सक्तीने विकत घेण्याच्या अशा हक्काचे, कलम आधी वाचतो, ड्रॉपडाउनचे नंतर.

महसुलाच्या करारांत तीन गोष्टी पाहाव्यात. किमान वाहतुकीची हमी आहे का, म्हणजे पालक कंपनीने माल पाठवला नाही तरी ती शुल्क देते का. ती हमी कोणत्या वर्षी संपते. आणि पालक कंपनीला शुद्धीकरण कारखाना बंद ठेवावा लागला तर हमी स्थगित होते का. ही शेवटची अट करारातच सापडते आणि करार टेन-केच्या परिशिष्टांच्या यादीतून उघडता येतो. हमी संपण्याचे वर्ष आणि भागीदारीच्या कर्जफेडीचे वर्ष एकमेकांशेजारी लिहून पाहा. हमी आधी संपत असेल, तर त्या कर्जाचा जामीन प्रत्यक्षात पालक कंपनीची मर्जी एवढाच उरतो.

जुना_हिशेबतपासनीस

एक छोटी पुस्ती जोडतो. पालक कंपनीही बाजारात नोंदलेली असेल, तर तिचा टेन-के सोबत घेऊन बसावे. तिच्या एकत्रित पत्रकात हे सगळे अंतर्गत व्यवहार एकमेकांत वजा होऊन नाहीसे झालेले असतात. पण भागीदारीतील बाहेरच्या युनिटधारकांचा हिस्सा ‘अनियंत्रक हितसंबंध’ म्हणून उरतो. ड्रॉपडाउनच्या वर्षी ती ओळ किती हलली आणि तिच्याखाली कारण काय दिले आहे, हे भागीदारीच्या टिपेशी ताडून पाहिले की, एकाच व्यवहाराची विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने केलेली अशी दोन वर्णने आपल्यासमोर येतात. ती दोन्ही शब्दशः सारखी क्वचितच असतात.