कानबाईची जुनी डीव्हीडी हॉलच्या टीव्हीवर कशी लावायची?

*ए-२०३ वहिनी:* नमस्कार, एक मदत पाहिजे होती. आमच्याकडे २००८ च्या कानबाईची (आपल्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) डीव्हीडी आहे, गावाकडची, त्यात सासूबाई नैवेद्याचे रोट करता करता अहिराणी गाणी म्हणताय. त्या आता नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरा कुठेच नाही आमच्याकडे. मुलाने त्यातली फाईल पेनड्राईव्हवर घेतली, नाव बदलून एमपी४ केलं, पण हॉलच्या टीव्हीवर फॉरमॅट चालत नाही असंच येतंय

*सी-१०१ दादा:* वहिनी नाव बदललं तरी आतला माल तोच राहतो. डीव्हीडीत व्हीओबी फाईली असतात, त्यात चित्र एमपीईजी-२ आणि आवाज बऱ्याचदा एसी३ या पद्धतीने साठवलेला, तो काही काही टीव्हींवर चालत नाही. खरंच कन्व्हर्ट करावं लागेल

*बी-४०२ आक्का:* मना घर बी ३ शीड्या (सीडी) पडेल शेतस भाऊ, लगीनन्या

*डी-३०२ भाऊ:* ऑनलाईन वेबसाईटवर टाका ना, होऊन जातं

*सी-१०१ दादा:* नको भाऊ, घरच्या बायांचा व्हिडिओ कुठल्या अनोळखी साईटवर कशाला चढवायचा, आणि एवढी मोठी फाईल अपलोड व्हायलाच रात्र जाईल. हँडब्रेक म्हणून सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, लॅपटॉपवरच काम होतं.
वहिनी, आधी डीव्हीडीतला व्हिडिओ_टीएस हा पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. एकेक व्हीओबी उचलू नका, १ जीबीच्या आसपास झाली की फाईल तोडलेली असते, गाणं मधेच तुटेल. मग हँडब्रेकमध्ये तो फोल्डरच उघडा, प्रीसेट (तयार सेटिंग) 'फास्ट ५७६पी२५' घ्या कारण आपल्याकडच्या डीव्हीडी ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या, सेकंदाला २५ फ्रेम. १०८० करायच्या भानगडीत पडू नका, जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते कुठून येणार, फाईल तेवढी फुगते. साठवायची पद्धत व्हिडिओला एच.२६४, आवाजाला एएसी, एवढं असलं की बहुतेक टीव्ही आणि मोबाईल दोन्हीवर चालतं. क्वालिटीचा आकडा २० ठेवा, आकडा कमी तेवढं चित्र चांगलं आणि फाईल मोठी

*ए-२०३ वहिनी:* सासूबाई हात फिरवतात तिथे कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात, डीव्हीडी खराब झाली का?

*सी-१०१ दादा:* नाही नाही, तेव्हाचे कॅमेरे एक फ्रेम दोन अर्ध्यांत टिपायचे, एकाआड एक ओळी, म्हणून हालचालीत रेघा दिसतात. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू करा, जातील.
कॉपी करताना अडकली तर मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. तरी नाही झालं तर दुसऱ्या ड्राईव्हमध्ये टाकून बघा, एकात न वाचलेली दुसऱ्यात वाचली जाते कधीकधी. आणि फोल्डर डिलीट करू नका हां वहिनी, एमपी४ झाली तरी मूळ ठेवा, कन्व्हर्ट करताना थोडं चित्र कमी होतंच

*डी-३०२ भाऊ:* झाली की ग्रुपवर टाका, आम्हाला पण ऐकू द्या

*सी-१०१ दादा:* टाकाल तेव्हा डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंत जाते. व्हिडिओ म्हणून टाकली की व्हॉट्सॲप परत दाबतं, चेहरे पुसट होतात

*ए-२०३ वहिनी:* झालं दादा!! पाऊण तास लागला आमच्या लॅपटॉपला. रेघा गेल्या. पीठ मळताना सासूबाईंच्या बांगड्या वाजतात ना, तो आवाज सुद्धा येतोय गाण्याच्या मागून, ह्यांनी दोनदा मागे घेऊन ऐकला

*बी-४०२ आक्का:* माय वं. रविवारले कानबाई बसनी की संध्याकाळले हॉलमा लावजो, मी येस

*सी-१०१ दादा:* आक्का तुमच्या ३ शीड्या पण उद्या खाली आणून द्या