२१ ऑक्टोबर: सेकिगाहारा आणि ट्राफल्गार

एकाच तारखेला, वेगवेगळ्या वर्षी झालेल्या लढायांच्या जोड्यांमध्ये कोणीतरी २५ ऑक्टोबर सुचवली आहे: अजिंकूर (इंग्लंड-फ्रान्स, १४१५) आणि बालाक्लावा (क्रिमियन युद्ध, १८५४). जोडी छानच, पण अजिंकूरची तारीख जुन्या ज्युलियन पंचांगातली आहे. आजच्या, म्हणजे ग्रेगोरियन, पंचांगाने ती ३ नोव्हेंबरला पडते. म्हणून मला २१ ऑक्टोबर जास्त पक्की वाटते. १६०० साली जपानमधली सेकिगाहाराची लढाई आणि १८०५ साली ट्राफल्गारची ब्रिटिशांनी फ्रेंच-स्पॅनिश आरमाराविरुद्ध जिंकलेली सागरी लढाई, दोन्ही ग्रेगोरियन हिशोबानेच. (जपानी पंचांगात सेकिगाहाराचा दिवस नवव्या महिन्याचा पंधरावा होता.)

सेकिगाहाराला सकाळी दाट धुकं होतं. ऐन लढाईत विरोधी बाजूचा सरदार कोबायाकावा हिदेआकी फिरला आणि जपानची सत्ता मिळवू पाहणाऱ्या तोकुगावा इएयासुचं पारडं जड झालं. या लढाईचा देखावा रंगवलेले घडीचे पडदे ओसाका इतिहास संग्रहालयात आहेत.

ट्राफल्गारसाठी लंडनमधल्या ग्रीनिचचं नॅशनल मेरीटाइम म्युझियम गाठावं. इंग्रज चित्रकार टर्नरचं सर्वांत मोठं, ट्राफल्गारचं चित्र तिथेच आहे, जवळजवळ पावणेचार मीटर रुंद. लढाईतले वेगवेगळ्या वेळचे प्रसंग त्याने एकाच चौकटीत बसवले. नौदलातल्या जाणकारांना ते पटलं नाही, पण समोरच्या पाण्यात धडपडणारी माणसं बघा. विजयाच्या चित्रात त्यांना इतकी जागा देणारा चित्रकार मला फार मोठा वाटतो.

आणि तिथेच असलेला, ट्राफल्गारला मारला गेलेला ब्रिटिश आरमाराचा प्रमुख नेल्सन याचा कोट चुकवू नका. डाव्या खांद्यावर, झुपकेदार पट्टीच्या अगदी लगत, गोळीचं छोटंसं भोक आहे. चित्रापेक्षा मला त्या भोकानेच जास्त हलवलं.